तो गेला, म्हणजे कुठे?

माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य मी इतक्या वेळा खोडलं, की कागदाला भोक पडलं. शेवटचं वाक्य मात्र समोरचा चहा गार व्हायच्या आत सुचलं, आणि त्याच वाक्याने माझं वाटोळं केलं. मेहनतीचं चीज होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याशी पत्रव्यवहार करावा.

कादंबरी युद्धकाळातल्या बायकांची. नवरे आघाडीवर, आणि घरी राहिलेल्या बायका शिलाईच्या कारखान्यात गणवेश शिवतात, कोळशासाठी रांगा लावतात, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवतात, पोरांना खोटं सांगतात आणि एकमेकींना खरं. कादंबरीचं नाव 'मागे राहिलेल्या'. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटलं होतं. पुस्तकांच्या दुकानदारालाही वाटलं असावं, कारण त्याने ती थेट शालेय मार्गदर्शकांच्या कप्प्यात ठेवली. तिथून ती एका गृहस्थाने नेली, ज्याच्या दोन्ही मुली गणितात मागे राहिल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आणून आपटली. हा माझा पहिला वाचक-प्रतिसाद. तो मी हिशेबात धरत नाही.

शेवटच्या प्रकरणात नायिकेचा नवरा एका दिवसाच्या रजेवर घरी येतो. दोघं फारसं बोलत नाहीत. तो जेवतो, आणि मग ते वाक्य येतं: 'त्याने रिकामी ताटली बाजूला सारली, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो गेला.' पुढे कोरं पान. लिहून झालं तेव्हा माझेच डोळे भरून आले. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाक्य चांगलं आहे, पण खाल्लेली ताटली उचलून ठेवायला त्याला काय धाड भरली होती. बायकोशी साहित्यावर बोलायचं नाही हे मी लग्न झाल्या झाल्या ठरवलं होतं, पण मोह आवरत नाही.

मला म्हणायचं होतं, तो आघाडीवर परत गेला. साधी गोष्ट. पण आपण घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, ते काही उगाच नाही. 'गेला' हा शब्द आपल्याकडे फार जपून वापरावा लागतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ऐन वेळी आठवलं नाही, इतकंच.

पहिल्या खऱ्या वाचक म्हणजे तळमजल्यावरच्या काकू. पुस्तक छातीशी धरून त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे लाल. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. फार वाईट झालं, त्या म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, जेवणात नेमकं काय होतं? मला काही कळेना. काकूंनी समजावून सांगितलं, की त्यांचे थोरले दीरही असेच जेवणावरून उठता उठता गेले, हाय नाही की हुय नाही, तेव्हा जड काही खाल्लं होतं का एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, काकू, तो मेला नाही, तो गेला. त्या म्हणाल्या, तेच म्हणतेय मी.

इथे मी हसून विषय सोडला असता तर बरं झालं असतं. पण अपमान सहन करायची माझी एक ठरावीक मर्यादा आहे आणि ती फार खाली आहे. मी वरच्या मजल्यावरच्या सरांकडे दाद मागायला गेलो. सर निवृत्त शिक्षक, आयुष्यभर व्याकरण शिकवलं, आणि अजूनही जिन्यात भेटलेल्या माणसाचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्याला वर जाऊ देत नाहीत. त्यांनी शेवटचं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि निकाल दिला. बाजारात गेला, गावाला गेला, म्हणजे माणूस जिवंत. नुसताच गेला म्हणजे मेला. कुठे गेला ते लिहिलेलं नाही, त्यामुळे लेखकाचा हेतू काहीही असो, व्याकरणाच्या दृष्टीने तो इसम हयात नाही.

दोन दिवसांत इमारतीचे दोन तट पडले: गेलेवाले आणि मेलेवाले. गेलेवाल्यांत मी आणि बायको. बायको माझ्या बाजूने होती ती निष्ठेपोटी नव्हे. ताटली न उचलणारे पुरुष मरत नाहीत, ते निघून जातात, हा तिचा अनुभव आहे म्हणे. मेलेवाल्यांत बाकी सगळे. आमचे डॉक्टर त्यांतले; त्यांनी माझा रक्तदाब तपासता तपासता सांगितलं, की शेवट पटला, पण आधीच्या प्रकरणात छातीत एखादी कळ, निदान थोडा घाम तरी दाखवायला हवा होता. मी घाम पुसत घरी आलो.

मग पत्रं यायला लागली. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात आहे. आयुष्यभर लोकांची पत्रं वाचली, पण ज्यात पाण्याचा उल्लेख नाही असं पत्र मला प्रथमच येत होतं, त्यामुळे पहिलं पाकीट मी बराच वेळ नुसतंच कुरवाळत बसलो. ते एका महिला मंडळाचं होतं. शेवटच्या पानावर नायिकेने दाखवलेल्या धाडसाबद्दल मंडळाने एकमताने माझं अभिनंदन केलं होतं. कसलं धाडस, ते मला तिसऱ्यांदा वाचल्यावर उमगलं. मंडळाच्या मते तिने जेवणात काहीतरी कालवलं होतं. सोसून सोसून स्त्री अखेर कशी पेटून उठते हे आपण एकही जादा शब्द न वापरता दाखवलंत, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि सत्काराला कधी येता म्हणून विचारलं होतं. खोटं कशाला बोलू, मी तारीख कळवणार होतो. बायकोने पत्र काढून घेतलं.

मला खरं लागलं ते वेगळंच. अख्ख्या कादंबरीत बायका मरमर राबत होत्या. बोटांना सुया टोचत होत्या, आजारी पोरं शेजारणीकडे टाकून कामावर जात होत्या, आणि त्यांच्याबद्दल कुणी अक्षर काढत नव्हतं. चर्चा सगळी त्या एका पुरुषाची, आणि तो तर शेवटच्या प्रकरणात जेवायला आला होता.

पण हेही मी गिळलं असतं. माझी झोप उडाली ती मावशीमुळे.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आई लवकर वारली, मावशीने मला वाढवलं, आणि आता ती आमच्याकडे असते. कादंबरी तिचीच आहे. शिलाईचा कारखाना तिचा, कोळशाची रांग तिची, काळे कागदही तिच्याच खिडकीचे. लहानपणी तिच्याकडून ऐकलेलं सगळं मी नावं बदलून उतरवलं होतं. एकच गोष्ट मी कधी विचारली नव्हती, ती म्हणजे काकांबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल. काका एका दिवसाच्या रजेवर आले होते, जेवले आणि पुन्हा आघाडीवर रवाना झाले. त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागत नाही एवढंच सरकारकडून कळलं. मेल्याचं कुणी कळवलं नाही, म्हणून मावशीनेही ते कधी मानलं नाही. एकदा कचेरीतल्या एका कारकुनाने 'तुमचे यजमान गेले त्या साली' असं वाक्य सुरू केलं, तर मावशी वाक्य पुरं व्हायच्या आत उठून चालती झाली. आमच्या घरात काकांच्या बाबतीत तो शब्द कुणी उच्चारत नाही. हे अजून आले नाहीत, एवढंच ती म्हणते, तेही उशिराची गाडी असावी अशा सुरात.

आणि आता ती पुस्तक वाचत होती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, भिंगाखाली एकेक ओळ धरून, रोज थोडं थोडं. मधूनच मान वर करून शेरा मारायची. माझ्या बायका फार रडतात, आम्हाला एवढा वेळ नव्हता. रांगेत त्या इतक्या गुणी कशा, मी तर कोळशावरून एकीच्या हाताला चावले होते. मी हसायचो आणि चोरून पाहायचो, कितवं पान चालू आहे. शेवटची पानं जवळ येत चालली होती. माझ्या हाताने मी तिला कळवणार होतो की तुझा नवरा मेला. सगळ्या इमारतीने तसा निकालच दिला होता.

तुम्ही म्हणाल, घरातलीच प्रत, शेवटचं पान फाडून टाकायचं. मलाही सुचलं होतं. पण मावशी ग्रंथालयाची प्रत वाचत होती. मी दिलेली भेटप्रत तिने परत केली होती. फुकटचं पुस्तक वाचलं की मत मोकळेपणाने देता येत नाही, असं तिचं म्हणणं. ग्रंथालयाच्या पुस्तकाला शाईचा डाग पडू नये म्हणून ती ते कपड्यात गुंडाळून उशाशी घेऊन झोपायची.

मी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंना म्हणालो, मी लेखक, शेवटच्या वाक्यावर दुरुस्तीची पट्टी चिकटवायची आहे, कृपया पुस्तक परत मागवा. बाईंनी लेखक असल्याचा पुरावा मागितला. मी शेल्फवरची दुसरी प्रत काढून मलपृष्ठावरचा माझा फोटो दाखवला. तो फोटो डोक्यावर केस होते तेव्हाचा आहे. बाईंनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्या टाळूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, साम्य आढळून येत नाही. असली वाक्यं मी स्वतः रोज लिहितो. ती अंगावर आली की कशी लागतात ते मला त्या दिवशी कळलं.

शिवाय दाखल झालेल्या पुस्तकात काहीही चिकटवणं म्हणजे विद्रूपीकरण, मग चिकटवणारा लेखक असो की कोणी. त्याला समितीची परवानगी लागते. समितीची बैठक ग्रंथालयात कार्यक्रम असेल त्याच दिवशी होते, कारण सदस्य एरवी येत नाहीत. कार्यक्रम सध्या कुठलाच नाही. तुमच्याच कादंबरीवर वाचकांची चर्चा ठेवू या का, असं बाईंनी विचारलं. आणि मी, ज्याला ती कादंबरी लोकांच्या हातून काढून घ्यायची होती, तो तिच्यावर चर्चासत्र ठरवून बाहेर पडलो.

आता पट्टी. प्रकाशकांचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. माझी कादंबरी त्यांनी दोन लग्नसराईंच्या मधल्या रिकाम्या वेळात छापली होती. ते म्हणाले, पट्टी छापू, बाजारातल्या प्रतींवर माझी माणसं चिकटवतील, पण मजकूर त्याच ओळीत मावला पाहिजे, फार तर एक शब्द वाढवा. एक शब्द. मला वाटलं, एवढंच ना.

'निघून गेला' लिहिलं. सर म्हणाले, हे तर जास्तच मेलं. 'सोडून गेला' काकूंनी हाणून पाडलं. त्यांच्या दिरांच्या शोकसभेत सगळे हेच म्हणत होते. 'पुढे गेला' म्हणजे आपल्या आधी गेला, तेही बाद. आघाडी डोंगरावर होती, म्हणून बायकोने 'वर गेला' सुचवलं आणि स्वतःच जीभ चावली. 'चालता झाला' जिवंत होतं, पण त्यात घरातली भांडी गायब झाल्याचा वास येत होता. जिवंत माणसाने या भाषेत घराबाहेर कसं पडावं हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच पडला. शेवटी 'तो परत गेला' यावर एकमत झालं. सर एवढंच म्हणाले, की मेलेवाले आता 'परत' म्हणजे 'पुन्हा' असं वाचतील. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

प्रकाशकांनी पट्ट्या तातडीने छापल्या आणि तातडीने चिकटवल्या. कार्यतत्परता मला एरवी आवडते. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी शेवटचं पान उघडलं. लिहिलं होतं: 'तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो परत मेला.'

ग आणि म यांत फरक तो कितीसा. प्रकाशकांनी तेच ऐकवलं. वर म्हणाले, छापखान्यात सगळ्यांचं मत होतं की तो मरतोच, त्यामुळे कुणाला चूक वाटली नाही. मी त्यांच्यापुढे खुर्चीत बसून राहिलो. त्यांनी एका लग्नपत्रिकेने मला वारा घातला.

चर्चेच्या दिवशी ग्रंथालयाचा वाचनकक्ष भरला होता. माझ्या बोलावण्यावर एवढे लोक यापूर्वी फक्त पाणी बंद असताना आले होते. सर अध्यक्ष. ग्रंथपालबाई समितीसह कोपऱ्यात. महिला मंडळ पुढच्या रांगेत, माझ्याकडे कौतुकाने बघत. जुन्या प्रतवाले आणि पट्टीवाले यांच्यात आधी कुणाचं पुस्तक खरं यावरून जुंपली. मग काकू उठल्या. त्यांच्याकडे पट्टीची प्रत होती. त्या म्हणाल्या, इतके दिवस आपण सगळे चुकलो. 'मेला' म्हणजे मरण नव्हेच, नायिका वैतागून नवऱ्याला म्हणतेय, मेला परत ताटली टाकून चालला. टाळ्या पडल्या. माझ्या बायकोनेही वाजवल्या. डॉक्टरांनी माणूस दोनदा मरू शकत नाही यावर छोटंसं भाषण केलं. मंडळाच्या अध्यक्षांनी पहिला डोस कमी पडला असावा अशी शक्यता मांडली.

सरांनी मला लेखकाची बाजू मांडायला सांगितलं. मी उभा राहिलो. शेवट मी वाचकांवर सोडला आहे, असं एक भारदस्त वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. ते तोंडातून निघणार तेवढ्यात मागच्या रांगेत मावशी दिसली. ती कधी आली, कुणासोबत आली, मला पत्ता नाही. मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं, आणि भिंग त्यावर ठेवलेलं होतं. तिचं वाचून झालं होतं.

मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“आधी एक सांग,” ती म्हणाली. “तो गेला काय, तो गेला? ते म्हणावं. तुझ्यापेक्षा मोठे आहेत.”

होते नाही म्हणाली, आहेत म्हणाली. सर तिला समजवायला लागले, की कथनात तृतीय पुरुषी एकवचन रूढ आहे. मावशीने त्यांना हातानेच बसायला सांगितलं, आणि जिन्यात कुणाचंही न ऐकणारे सर बसले.

“हे पुस्तक तूच लिहिलंस ना?”

“हो, मावशी.”

“आत काय घडवायचं ते तुझं तूच ठरवतोस? कुणाची परवानगी काढावी लागत नाही?”

“नाही.”

“मग आले असं लिहायला काय झालं होतं रे तुला?”

तक्रारींना उत्तरं देण्यात माझा जन्म गेला, हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. ती इतकी वर्षं वाट पाहत होती, मला एक ओळ लिहून ते जमणार होतं, आणि मी आपला ताटलीवर रेंगाळलो. आता ती मला कधी माफ करणार नाही, एवढंच डोक्यात होतं. कोण काय म्हणेल याचं तेव्हा काही वाटलं नाही.

काकूंना शांतता सोसत नाही. त्यांनी वळून हळूच विचारलं, “आले असते, तर काय केलं असतं हो तुम्ही?”

मावशीला विचार करावा लागला नाही.

“भांडले असते,” ती म्हणाली. “पोटभर.”

समितीने त्या दिवशी पट्टीला परवानगी दिली. मी पट्टी चिकटवली नाही. प्रकाशकांना जाऊन सांगितलं, पट्टीने भागणार नाही, नवं प्रकरण येतंय, आणि ते कितीही लांबलं तरी छापायचं. लग्नसराई तोंडावर आलीय म्हणून ते कळवळले. मी ऐकून घेतलं आणि घरी आलो.

सकाळपासून मावशी सांगते आहे आणि मी उतरवतो आहे. एक पत्र टाकायला काय झालं होतं, इथून सुरुवात झाली. मग छप्पर गळत होतं ते, पहिली नोकरी सुटली ते, बहीण वारली आणि पोर पदरात आलं ते. बायको दोनदा चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा आली ती खुर्ची घेऊन बसलीच. मधे मी मान वर करून विचारलं, मावशी, त्यांना एखादं वाक्य तरी बोलू द्यायचं का. ती म्हणाली, मी थांबेन तेव्हा बोलतील, तू लिही.

मी लिहितो आहे. ते दारात उभे आहेत, पिशवी अजून हातातच आहे, आणि तिचं बोलून झाल्याशिवाय ती त्यांना आत घेणार नाही.